शनिवार-रविवारचा पाऊस: हवामानाचा अंदाज वाचायचा कसा

खारघरला राहणाऱ्या आमच्या वहिनींचा फोन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हमखास येतो. १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आलेला असतो, माळशेजला किंवा लोणावळ्याला खोल्या सांगून ठेवलेल्या असतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही दिवसांपुढे काळा ढग, त्याखाली थेंब आणि मधोमध वीज असे एकच चित्र उमटलेले असते. “भाऊजी, पाऊस पडणार की नाही, एवढंच सांगा,” असे त्या विचारतात. ऑगस्टमध्ये कोकणात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ रोजच ‘पडणार’ असे असते, त्यामुळे त्या उत्तराचा बेत आखायला काहीच उपयोग होत नाही. खरे प्रश्न वेगळे आहेत. पाऊस कुठे पडणार, किती पडणार, कोणत्या वेळी पडणार आणि हे सांगणाऱ्याला त्याबद्दल किती खात्री आहे? भारतीय हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकात या चारही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी दिलेली असतात. ते पत्रक ठरावीक शब्दांत लिहिलेले असते आणि त्या शब्दांचे अर्थ फारसे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात ‘कुठे’पासून करू, कारण आपल्याकडे सर्वाधिक चूक इथेच होते. हवामान विभागाचा इशारा जिल्ह्यानुसार दिला जातो. ठाणे महापालिकेतील लोकांनी ठाणे जिल्हा पाहावा हे उघड आहे. नवी मुंबईचे मात्र तसे नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उलवे हा सगळा पट्टा रायगड जिल्ह्यात मोडतो. म्हणजे ऐरोलीच्या माणसाने ठाण्याचा रंग पाहायचा आणि खारघरच्या माणसाने रायगडचा. वहिनी अनेक वर्षे दूरचित्रवाणीवर ‘मुंबई’ हा शब्द ऐकून छत्री घ्यायची की नाही ते ठरवत होत्या, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

ठाणे जिल्हासुद्धा एकसारखा नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर अशा सात तालुक्यांचा हा जिल्हा खाडीच्या दलदलीपासून थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेला आहे. जिल्ह्याला इशारा दिला म्हणजे त्यातल्या प्रत्येक गावावर तेवढा पाऊस कोसळेल असा त्याचा अर्थ होत नाही. सुट्टीला निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांसाठी विभाग ‘घाट परिसर’ असा वेगळा इशारा देतो, कारण त्या जिल्ह्यांचे पठार आणि त्यांचे घाट यांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लोणावळा किंवा ताम्हिणीला जायचे असेल तर ‘पुणे घाट’ पाहावा, इगतपुरीला जायचे असेल तर ‘नाशिक घाट’. माळशेज ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर असल्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी दोन्ही पाहून त्यातला जास्त गंभीर इशारा प्रमाण मानावा.

आता पत्रकातले शब्द. ‘कोकणात बहुतांश ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाक्य आपण पावसाळाभर ऐकतो आणि त्यातले दोन भाग एकात मिसळून टाकतो. ‘ठिकाणी’च्या आधी येणारा शब्द पावसाची व्याप्ती सांगतो, जोर सांगत नाही. विभागाच्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असे लिहितात. तेव्हा वरच्या वाक्याचा अर्थ असा, की कोकणात चारांपैकी तीनांहून अधिक ठिकाणी कमी-जास्त पाऊस होईल, पण मुसळधार म्हणावा असा पाऊस फार तर चारांतल्या एका ठिकाणी होईल. ते एक ठिकाण आपले असेल की नाही, हे त्या वाक्यात सांगितलेले नाही.

मुसळधार हाही मोजलेला शब्द आहे. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त झाला तर अत्यंत मुसळधार. मिलिमीटरने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही ही तक्रार रास्त आहे. मी चरईतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, टाकीपासून आणि कठड्यापासून दूर, सरळ भिंतीचा आणि सपाट बुडाचा एक स्टीलचा डबा विटांमध्ये घट्ट बसवून ठेवतो आणि सकाळी साडेआठला त्यात पट्टी बुडवून पाण्याची उंची मोजतो. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या नववीतल्या मुलीने विचारले, की डबा मोठा घेतला तर पाऊस जास्त भरेल ना? पाणी जास्त साठेल, पण उंची तीच राहील, कारण डब्याचे तोंड जितके रुंद तितकाच त्याचा तळही रुंद असतो. पाऊस उंचीत मोजण्यामागचे कारण हेच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर दहा हजार लिटर, म्हणजे सोसायटीत उन्हाळ्यात येतो तसा एक मोठा टँकर रिकामा झाला असे समजा. असा विचार केला की गटारे का तुंबतात आणि ओढे का फुगतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी साडेआठलाच का मोजतो, याचेही कारण आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. शनिवारी सकाळी जाहीर होणारा आकडा शनिवारच्या नावाने छापला जातो, पण त्यातला बहुतेक पाऊस शुक्रवारी दिवसा आणि रात्री पडून गेलेला असतो. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला आणि शनिवारी गोपाळकाला होता. त्या मधल्या रात्री मुंबई परिसराला पावसाने झोडपून काढले, आणि तो पाऊस शनिवारच्या आकड्यात नोंदला गेला. इशाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. शनिवारचा इशारा रविवारी सकाळी साडेआठपर्यंत चालू असतो, त्यामुळे शनिवारी दिवसभर ऊन पडले म्हणून तो चुकला असे संध्याकाळी ठरवून रात्री घाटात गाडी घालणे धोक्याचे आहे.

रंगांबद्दल थोडक्यात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळा साधारणपणे मुसळधार, नारिंगी अति मुसळधार आणि लाल अत्यंत मुसळधार पावसाच्या अपेक्षेने दिला जातो, मात्र रंग ठरवताना पावसाची शक्यता किती आणि त्याचा लोकांवर परिणाम किती, हे दोन्ही जोखले जाते. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी आपल्या गल्लीत ऊन असू शकते आणि तरीही इशारा बरोबर असू शकतो, कारण तो संपूर्ण जिल्ह्यातल्या सर्वाधिक झोडपल्या जाणाऱ्या ठिकाणांसाठी दिलेला असतो.

एवढा पाऊस येतो कुठून, हे समजले तर पत्रकातली पहिली दोन वाक्ये, जी बहुतेक लोक सोडून देतात, ती सर्वाधिक उपयोगाची वाटू लागतात. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सह्याद्रीच्या हजार मीटरच्या आसपास उंच भिंतीला भिडतो आणि त्याला वर चढावे लागते. वर चढणारी हवा थंड होते, थंड हवेत बाष्प कमी मावते आणि उरलेल्याचा पाऊस होतो. म्हणून ठाण्यात रिमझिम असताना कर्जत आणि माथेरानला धो-धो कोसळत असतो, आणि कडा ओलांडून पठारावर गेले की काही किलोमीटरांतच पाऊस ओसरतो.

हा नेहमीचा पाऊस. त्याचा जोर वाढवणाऱ्या दोन गोष्टींचा उल्लेख पत्रकात शोधावा. एक म्हणजे दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असणारा कमी दाबाचा पट्टा, ज्याच्यामुळे किनाऱ्याजवळ ढग साचत राहतात. दुसरी म्हणजे बंगालच्या उपसागरात, ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्याजवळ तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र. ते हजार किलोमीटरहून अधिक दूर असते, पण ते पश्चिमेकडे सरकू लागले की अरबी समुद्रावरचे वारे तिकडे जोराने खेचले जातात आणि वाटेत सह्याद्री असल्यामुळे कोकणाला झोडपून जातात. बुधवारच्या पत्रकात या दोन्हींचा उल्लेख असेल तर शनिवार-रविवार ओला जाईल असे समजून बेत आखावा. याउलट मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावर आडवा पसरलेला कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला आहे असे लिहिले असेल तर पावसात खंड पडण्याची चिन्हे असतात आणि कोकणात अधूनमधून सरी येऊन ऊन पडते.

इथपर्यंतचे अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी जमतात. ठाण्यात शनिवारी दुपारी दोन वाजता पाऊस असेल का, हे मात्र मंगळवारी कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडताना कढई तापली की आता दाणे फुटणार हे आजी न चुकता सांगते, पण अमुक एक दाणा पुढच्या क्षणी फुटेल असे ती कधीच म्हणत नाही. उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र म्हणजे तापलेली कढई, आणि आपल्या गल्लीवरची सर म्हणजे एकेक दाणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. एकाच शहरावर, एकाच दिवशी, एकाच अरबी समुद्राच्या काठी.

अंदाज तयार करणारे गणित वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातले तापमान, दाब, वारा आणि बाष्प पुढे पुढे मोजत जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये देशाला अर्पण करण्यात आली, तिच्यात हे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत. ठाणे स्थानकापासून रबाळे स्थानकाचे सरळ रेषेतले अंतर जवळपास एवढेच आहे. म्हणजे मधली खाडी, ऐरोलीच्या वसाहती आणि औद्योगिक पट्टा या सगळ्यांना मिळून गणितात साधारण एकच आकडा मिळतो. जगभरासाठी इतक्या बारीक चौकोनांवर रोज गणित करणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तरीही आपल्या इमारतीपुरते उत्तर त्यातून निघत नाही.

दुसरी अडचण सुरुवातीच्या मोजमापांची. समुद्रावर केंद्रे विरळ आहेत, म्हणून आताची स्थितीच थोडीफार अदमासाने धरावी लागते, आणि आजची लहानशी चूक चौथ्या-पाचव्या दिवशी मोठी होते. यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम बारीकसे फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवायचे. हवामान विभाग २०१८ पासून असे २१ संच चालवतो. एकवीसपैकी अठरा-एकोणीस उत्तरे शनिवारी कोकणात जोरदार पाऊस दाखवत असतील तर अंदाजकर्ता ठामपणे बोलतो, आणि उत्तरे विखुरलेली असतील तर ‘शक्यता’ हा शब्द वापरतो. तो शब्द अंग काढून घेण्यासाठी वापरलेला नसतो. त्यात मोजलेली माहिती असते.

मोबाइलवर दिसणारे टक्के याच जातीचे आहेत. शनिवारी पावसाची शक्यता ६० टक्के, याचा अर्थ दिवसातले ६० टक्के तास पाऊस पडेल असा नाही, किंवा ठाण्याच्या ६० टक्के भागात पडेल असाही नाही. अशी स्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी सहा दिवस त्या ठिकाणी पाऊस होतो, एवढाच त्याचा अर्थ. किती होतो, हे त्या आकड्यात नसते. हलक्या पावसाची ९० टक्के शक्यता असेल तर मुलांना रेनकोट घालून येऊरला जायला काहीच हरकत नाही. अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता २० टक्के असली तरी मी घाटात जाणार नाही. चित्रातला काळा ढग या दोन दिवसांत फरक करत नाही, म्हणून बेत ठरवताना त्या चित्रावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निघायच्या दिवशी सकाळी साधन बदलते. त्या वेळी पाच दिवसांचा अंदाज बाजूला ठेवून पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचे चित्र पाहायचे. मुंबईत कुलाब्याला जुने डॉप्लर रडार आहे आणि जानेवारी २०२२ पासून अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावलीला दुसरे सुरू झाले. रडार हवेत लहरी सोडते, त्या थेंबांवर आपटून परत येतात, परत यायला लागलेल्या वेळेवरून ढगाचे अंतर कळते आणि लहरींच्या वारंवारतेत झालेल्या बदलावरून थेंब रडारच्या दिशेने येत आहेत की दूर जात आहेत ते कळते. ही चित्रे विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. एकच चित्र पाहून काही समजत नाही. थोड्या थोड्या वेळाने घेतलेली तीन-चार चित्रे ओळीने पाहिली तर पिवळे-लाल पट्टे समुद्रावरून आपल्याकडे सरकत आहेत की विरत आहेत, हे शाळकरी मुलालाही ओळखता येते. एक मर्यादा सांगायला हवी. रडारचा झोत दूर जाताना जमिनीपासून उंच उंच जातो आणि वाटेत डोंगरही आडवे येतात, त्यामुळे घाटातल्या कमी उंचीच्या ढगांचा पाऊस त्यात कमी दिसू शकतो. माळशेजवर चित्र कोरे दिसले म्हणून तिथे कोरडे असेल असे मानू नये.

पाणी कुठून येते, हा प्रश्न धबधब्याखाली उभे राहणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. ३० जून २०२४ हा रविवार होता. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते जिथे उभे होते तिथला पाऊस पाहून वरच्या डोंगरावर किती पाणी साचले आहे हे कळत नाही. उभ्या कातळावरून पाणी मुरत नाही, ते सगळे एकाच वेळी खाली येते, आणि घोट्याएवढा ओहोळ पाहता पाहता कमरेपर्यंत चढतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहून येणे, आवाज बदलणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी बाहेर पडावे, फोटो पूर्ण होण्याची वाट पाहू नये. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट २७ जुलै २०१९ ला घडली. उल्हास नदीचे पाणी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान रुळांवर पसरले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस एक हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकून पडली. उल्हासचे पाणी वरच्या घाटातून आणि कर्जतकडून येते. म्हणून बदलापूर-वांगणीकडच्या शेतघरांवर सुट्टी घालवणाऱ्यांनी ठाण्याच्या अंदाजासोबत कर्जतचा, म्हणजे रायगडचा आणि पुणे घाटाचा अंदाजही वाचावा.

राहिली भरती. अंदाजाच्या पत्रकात तिचा उल्लेख नसला तरी ठाणे आणि नवी मुंबईत पाणी तुंबणार की वाहून जाणार हे तीही ठरवते. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेला आहे. भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर जाते, झडपा मिटतात आणि शहरातले पावसाचे पाणी धारण तलावांत थांबून राहते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते पाणी खाडीत जाते. ही रचना सिडकोने शहर वसवतानाच केली. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाण्याला जायला वाट राहत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब किनाऱ्यावरच्या घराघरांत ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला सव्वाअकरानंतर पूर्ण भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, खाडीच्या आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, आणि नेमक्या वेळेसाठी महापालिका जाहीर करते ते तक्ते पाहावेत. पण त्यावरून एक उपयोगाची गोष्ट कळते. नारळी पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, भरती उंच असते आणि ती दुपारच्या आगेमागे येते. गोपाळकाला अष्टमी-नवमीला येतो, तेव्हा भांगाचे दिवस असतात आणि भरती त्या मानाने बेताची असते. श्रावणातल्या या दोन सुट्ट्यांमध्ये आठवड्याचेच अंतर असते, पण तेवढाच पाऊस पहिल्या सुट्टीला वाशी-कोपरखैरण्यात जास्त वेळ साचून राहण्याची भीती असते.

वहिनींना मी आता फोनवर अंदाज सांगत नाही. बुधवारी त्यांनी रायगड आणि पुणे घाटाचा रंग पाहायचा आणि पत्रकाची पहिली दोन वाक्ये मला वाचून दाखवायची, खोली रद्द करण्याची मुदत कधी संपते ते विचारून ठेवायचे, शुक्रवारी संध्याकाळी रंग पुन्हा पाहायचा आणि शनिवारी सकाळी साडेआठनंतर, ताजे इशारे पाहूनच गाडी काढायची, असे आमचे ठरले आहे. घाटाचा रंग लाल असेल तर खोलीचे पैसे सोडून द्यायचे, यावर त्यांचे आणि माझे एकमत व्हायला दोन पावसाळे लागले.